नवमीची माळ आणि भरलेलं पिस्तूल

१

खंडेनवमीच्या दिवशी शस्त्राला कोणी हात लावत नाही. पूजा बांधली की तलवार पाटावर, दौत पाटावर, अडकित्ता पाटावर, आणि दसरा उजाडेपर्यंत माणसांनी चार हात दूर राहायचं. असं असताना कुंभकोणममध्ये, १९१२ सालच्या नवमीला, तंजावरी मराठी घराण्यातले निवृत्त तहसीलदार चंद्रमौलीराव यांच्या देवघरात सकाळी नऊच्या सुमाराला गोळी सुटली, आणि खुद्द चंद्रमौलीराव पूजेपुढे कोसळले.

स्वयंपाकीण शिवकामी सगळ्यात आधी धावली. तिच्यामागून सून गोमती आली, ओल्या हातांनी, पदर खोचलेला तसाच. दारातून दोघींना जे दिसलं ते असं. मामंजी उताणे पडलेले, गळ्याखाली रक्त. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा, गोमतीचा नवरा नरसिंह, पूजेतलं पिस्तूल हातात घेऊन उभा.

"माझ्या हातून सुटली," नरसिंह म्हणाला. "आणखी मला कांहीं विचारूं नका."

पुढे पोलिसांनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, सख्ख्या काकाने विचारलं. त्याने दुसरं अक्षर काढलं नाही. माणूस गप्प बसला की गाव त्याच्या वतीने बोलू लागतं. गाव बोललंच. सकाळी बापलेकांचं कडाक्याचं वाजलं होतं, हे शिवकामीने ऐकलं होतं. मृताचा धाकटा भाऊ गुरुमूर्ति ओसरीवर बसून म्हणत होते, "चांप ओढल्यावांचून पिस्तूल उडतें काय? आणि खोलींत दुसरें कोण होतें?"

नरसिंह सब-जेलमध्ये गेला. दहाव्या दिवशी कावेरीच्या घाटावर बापाला पिंड द्यायचा तो मुलाने. बापाचा जीव घेणारा हात पिंड कसा देणार? ते काम गुरुमूर्तीकडे जाणार, आणि नरसिंह पुढे सेशन्स कोर्टात फाशीच्या दोराकडे, हे सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं होतं.

गोमतीने मात्र ठरवलं नव्हतं. सहा वर्षांच्या संसारात या माणसाने विंचूसुद्धा चिमट्याने उचलून परसात सोडलेला तिने पाहिला होता.

२

चौथ्या दिवशी इन्स्पेक्टर हनुमंतराव आले ते एका म्हाताऱ्याला बरोबर घेऊन. ते अप्पाराव. धंदा घड्याळदुरुस्तीचा, वेड मृदंगाचं. गोविंदपुरमच्या विठ्ठलापुढे एकादशीला भजन असलं की मृदंगावर अप्पारावच. ठाण्यातलं भिंतीवरचं घड्याळ, कोर्टातलं घड्याळ, स्टेशनातलं घड्याळ, सगळी त्यांच्याच हातून चालत. किडकिडीत देह, कानावर केसांचे झुपके, आणि बोलताना बोटं सारखी मांडीवर वाजत असलेली.

"इन्स्पेक्टरसाहेबांस एक गोष्ट बसत नाहीं," अप्पाराव गोमतीला म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, गोळी खालून वर गेली. गळ्याखालून शिरली, मानेच्या वरच्या अंगास निघाली. उभ्या माणसानें उभ्या माणसावर झाडली तर अशी जाईल काय, बाळ?"

गोमतीने नाही म्हणून मान हलवली.

"तर मग मी आतां कोणास कांहीं विचारत नाहीं. बोलण्यांत माणूस गोंधळतो. बोटांनीं वाजवून दाखवा. त्या सकाळीं काय ऐकलेंत?"

हनुमंतरावांनी कपाळाला हात लावला. गुरुमूर्ति तर उघड हसले. पण अप्पाराव पालथी घागर पुढे ठेवून शिवकामीकडे वळले.

"अय्यो, मला मृदंग कुठला येणार, सामी," असं म्हणत तिने बोटांच्या पेरांनी घागरीवर वाजवलं. आधी एक बारीक टक्. त्याला लागूनच, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही, मोठा ढम्म. मग थोडं थांबून एक जड थप्प.

शिवकामीला परसात पाठवून अप्पारावांनी गोमतीला बसवलं. तिनेही तेच वाजवलं. टक्-ढम्म, आणि मग थप्प. शेवटी गुरुमूर्ति; त्या सकाळी ते ओसरीवरच होते. नरसिंह दोषी आहे असं ठामपणे म्हणणारा हा माणूस, बोटं घागरीवर टेकताच त्यानेही तेच वाजवलं, आणि स्वतःच चमकून हात मागे घेतला.

"थप्प म्हणजे अण्णा पडले तें," गुरुमूर्ति हळू आवाजात म्हणाले. "ढम्म म्हणजे गोळी. आणि पहिला टक्?"

"तेंच तर," अप्पाराव म्हणाले. "गोळीच्या आधीं कांहीं तरी पडलें. हलकें, लोखंडाचें. तिघांच्या तोंडून तीन गोष्टी निघाल्या असत्या. बोटांतून एकच निघाली."

गोमतीने म्हाताऱ्याच्या त्या काटकुळ्या बोटांकडे पाहिलं. चार दिवसांत घरात पन्नास माणसं येऊन गेली होती. ऐकायला आलेला हा पहिलाच.

३

सुतकात पूजेला हात कोण लावणार? पाट देवघरात तसाच होता, चौरंगावर तिरपा झालेला. पोलिसांनी पिस्तूल तेवढं नेलं होतं. अप्पाराव उंबऱ्याबाहेर बसले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले.

चौरंगापुढच्या लाल फरशीवर तांदळाएवढा एक टवका उडालेला त्यांनी हनुमंतरावांना दाखवला. "पिस्तूल येथें पडलें. पाठीवर, घोडा खालीं आणि नळी वर." मग पुन्हा पाटाकडे बोट केलं. "तलवारीस माळ आहे. दौतीस माळ आहे. अडकित्त्यासही आहे. मग पिस्तुलास कां नव्हती? तुम्हीं नेलेंत तेव्हां होती काय, साहेब?"

"नव्हती," हनुमंतराव म्हणाले.

"मी घातली होती," गोमतीच्या तोंडून निघून गेलं. "मीच ओंवल्या अस्क्या माळा, झाडून सगळ्या. केळीच्या सोपटांत, शेवंती आणि कण्हेर. पिस्तुलावरून घसरत होती म्हणून मी ती चांपाच्या कड्यांतून ओंवून गांठ मारली."

अप्पारावांची बोटं मांडीवर वाजायची थांबली.

"घाईंतला माणूस देवीची माळ कोठें टाकील?" ते स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागले. "पायदळीं नाहीं टाकणार. आडांत नाहीं टाकणार. हात कितीही कांपत असला तरी संस्कार हाताला वाट दाखवतो. गोमती, निर्माल्याची टोपली कोठें असते?"

टोपली परसात पारिजातकाच्या फांदीला अडकवलेली होती. एरवी गोमती ती चौथ्या-पाचव्या दिवशी कावेरीत सोडून यायची. सुतकामुळे या वेळी राहून गेली होती. वाळक्या बेलपानांखाली माळ सापडली. शेवंती काळपट झालेली, एका बाजूला धुराचा डाग, आणि सोपट मध्येच तटकन तुटलेलं.

गोमतीने तुटलेलं टोक पाहिलं आणि तिला सगळं एकदम उलगडलं. मामंजी नमस्काराला वाकले असतील. अंगवस्त्र पाटाच्या कोपऱ्यात अडकलं असेल. पाट तिरपा झाला, पिस्तूल घसरलं, माळ पाटाच्या खिळ्याला अडकली, चापाला हिसका बसला. आणि दारातून हे पाहणाऱ्या तिच्या नवऱ्याने आधी काय केलं असेल? धावत जाऊन पिस्तूल उचललं, माळ ओरबाडली, निर्माल्यात लपवली, आणि परत येऊन ते हातात धरून उभा राहिला. परसाचं दार देवघराला लागून. चार पावलांचं काम. आपल्याआधी कोणी पोचायच्या आत.

म्हणून तो गप्प होता. स्वतःसाठी नव्हे.

"म्हणजे मामंजींस मीं मारलें," ती म्हणाली. "हे माझ्यासाठीं फांसावर चढणार होते. साहेब, मला न्या. त्यांस सोडा."

हनुमंतराव सज्जन माणूस, त्यांनी मान फिरवली. पण अप्पाराव तुटलेलं सोपट दोन बोटांत धरून, डोळे बारीक करून पाहत होते.

"घाई करूं नको, बाळ," ते म्हणाले. "घड्याळ बंद पडलें कीं लोक म्हणतात, शेवटीं ज्यानें किल्ली दिली त्यानें मोडलें. चाळीस वर्षें ऐकतों आहें. साहेब, उद्यां पिस्तूल येथें आणा. आणि येतांना तुमचें स्वतःचेंही घेऊन या."

"माझें कशाला?"

"आणा म्हणजे झालें."

४

दुसऱ्या दिवशी ओसरीवर जे झालं ते गोमती जन्मभर विसरली नाही.

अप्पारावांनी तिला नवमीसारखीच एक माळ ओवायला लावली. तीच कण्हेर, तेच सोपट, तसंच भिजवलेलं. सहा वर्षं रोज ओवणाऱ्या बाईला दोनदा गाठ चुकली. पिस्तूल रिकामं करून आडव्या खुंटीला घट्ट बांधलं होतं. माळ चापाच्या कड्यातून ओवून अप्पारावांनी तिला तराजूचं एक पारडं लटकवलं, आणि स्वयंपाकघरातली पितळी वजनं एकेक करून त्यात ठेवू लागले.

एक रत्तल. दोन. तीन. चौथं वजन ठेवताच सोपट तटकन तुटलं आणि पारडं जमिनीवर आदळलं. चाप तसूभरही हलला नव्हता.

"पुन्हां," गुरुमूर्ति म्हणाले. त्यांचा आवाज बदललेला होता.

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. दर वेळी सोपट चाराच्या आसपास तुटलं. मग अप्पारावांनी सोपटाच्या जागी तांब्याची तार घेतली आणि वजनं वाढवत नेली. अकरा रत्तलांवर चाप मागे आला.

"चार रत्तलांत तुटणारी वस्तु अकरा रत्तलांचें काम कशी करील?" अप्पाराव गोमतीकडे वळले. "तुझी माळ निर्दोष आहे, बाळ. ती तुटली तुझ्या नवऱ्यानें ओरबाडल्यामुळें."

गोमतीला हुंदका आवरला नाही. इतक्या लोकांसमोर सून रडते आहे, हे तिला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. हा म्हातारा देवाच्या पायरीचा आहे असं तिला वाटलं, आणि तिने ते मनात ठेवलं नाही, तिथेच त्याला वाकून नमस्कार केला.

"मग गोळी सोडली कोणीं?" गुरुमूर्तींनी विचारलं.

अप्पारावांनी चष्मा लावला, बारीक पेचकस काढला आणि पिस्तुलाची बाजूची पट्टी उघडली. घड्याळात डोकावावं तसे आत डोकावले. पिस्तुलाच्या पेटीत कंपनीचं इंग्रजी पुस्तक होतं; त्यातलं चित्र त्यांनी गुडघ्यावर उघडून ठेवलं.

"हा घोडा. चांप ओढला कीं हा काडतुसाच्या टोपीवर आपटतो आणि बार पेटतो. चांप ओढला नसेल तेव्हां घोड्यास अडवावयास ही पोलादी पट्टी मध्यें उभी राहते. निदान चित्रांत तरी राहते." त्यांनी पेचकसाचं टोक आत नेलं. "येथें पट्टी आंखूड आहे. तांदळाच्या टोंकाएवढी कमी. घोडा तिच्या खालून निसटतो. पाठीवर पडलें, घोड्यास ठोका बसला, कीं सरळ टोपीवर. चांपाचा संबंध नाहीं. टक्-ढम्म."

"झिजली असेल," हनुमंतराव म्हणाले.

"झिजलेलें पोलाद चकाकतें. या पट्टीवर कानशीचे ओरखडे अजून ताजे आहेत. कारखान्यांतच अशी कापली." मग त्यांनी हात पुढे केला. "तुमचें द्या. याच कंपनीचें ना?"

त्याच कंपनीचं होतं. मद्रासच्या ग्रिम्शॉ अँड पेलच्या दुकानातून हनुमंतरावांनी वर्षापूर्वीच घेतलेलं, पदरमोड करून. अप्पारावांनी ते रिकामं केलं, उघडलं, आणि दोन्ही पिस्तुलं शेजारीशेजारी ठेवून हनुमंतरावांना नुसतं पाहायला सांगितलं.

हनुमंतरावांनी पाहिलं. त्यांच्याही पिस्तुलातली पट्टी तेवढीच आखूड होती.

"रोज संध्याकाळीं घरीं गेलों कीं मी हें खुंटीस अडकवितों," ते म्हणाले. "त्याखालीं पाळणा आहे."

५

सातव्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहायला पेलसाहेब स्वतः मद्रासहून आले. कंपनीचं नाव पणाला लागलं होतं, आणि साहेब नावाला जपणारा होता. दुभाष्यामार्फत त्यांनी सांगितलं, की त्यांच्या पिस्तुलाला सुरक्षेची पेटंट पट्टी आहे. ते पडून उडणं शक्य नाही. घरच्यांनी आतल्या भागाशी छेडछाड केली असणार. शिवाय काडतुसांच्या चक्रातली सहाही घरं भरून पिस्तूल ठेवायचं म्हणजे शुद्ध अडाणीपणा. जाणता माणूस घोड्याखालचं एक घर रिकामं ठेवतो.

तेव्हा नरसिंह सात दिवसांत पहिल्यांदा बोलला. गोमतीची माळ निर्दोष ठरली, हे हनुमंतरावांनी त्याला सकाळीच सांगितलं होतं. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"आमचें भांडण त्यावरच झालें," तो म्हणाला. "मी म्हटलें, बाबा, गोळ्या काढूं. ते म्हणाले, रिकामें भांडें देवापुढें ठेवीत नाहीं, रिकामें शस्त्र देवीपुढें कसें ठेवूं? तरी मी ऐकेना. तेव्हां त्यांनीं पेटींतलें पुस्तक काढून मला वाचून दाखविलें."

अप्पारावांनी ते पुस्तक मॅजिस्ट्रेटपुढे ठेवलं. पानावर मोठ्या अक्षरात कंपनीनेच छापलं होतं: सहाही घरं भरून खुशाल बाळगा, हातातून पडलं तरी आमचं पिस्तूल उडणार नाही.

"साहेब ज्यास अडाणीपणा म्हणतात," अप्पाराव म्हणाले, "तो साहेबांच्याच पुस्तकांतून चंद्रमौलीराव शिकले."

मग परीक्षा झाली. काडतुसातून गोळी आणि दारू काढून नुसती टोपी ठेवलेली. चाप तारेने बांधून पक्का केलेला, हलूच नये असा. चौरंगाएवढ्या उंचीवरून पिस्तूल फरशीवर सोडलं. टक्. काही झालं नाही. दुसऱ्यांदा, टक्. पेलसाहेबांच्या मिशीखाली हसू दिसलं. तिसऱ्यांदाही नुसतंच टक्. बाकावर बसलेल्या गोमतीने पदर दातात धरला.

अप्पारावांनी पिस्तूल शांतपणे उचललं, काडतूस पाहिलं, पुन्हा सोडलं. टक्-फट्! कोर्टाच्या छपरातली कबुतरं उडाली.

"चारांत एकदां!" पेलसाहेब म्हणाले.

"दर वेळीं उडतें तर तुम्हांस कारखान्यांतच समजलें असतें," अप्पाराव म्हणाले. "चारांत एकदां उडतें म्हणूनच तें लोकांच्या घरांत पोंचलें."

छेडछाडीचा मुद्दा हनुमंतरावांनी निकालात काढला. त्यांनी पट्ट्यातून आपलं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हें माझ्याशिवाय कोणी हाताळलेलें नाहीं. साहेबांनीं स्वतः उघडावें." पेलसाहेबांनी उघडलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, आणि पुसतच राहिले.

मॅजिस्ट्रेटने नरसिंहाला तिथल्या तिथे मोकळं केलं, आणि दोष माणसाचा नसून घडणीचा आहे, असं निकालात स्वच्छ लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात पेलसाहेब दुभाष्याला घेऊन घरच्या मंडळींकडे आले. साहेब वाईट नव्हता, अडचणीत होता. कंपनी भरपाई देईल, चांगली देईल. प्रकरण वर्तमानपत्रांत जाऊ नये, एवढंच. नरसिंहाने गोमतीकडे पाहिलं. परक्या पुरुषाशी, त्यातून गोऱ्याशी, ती जन्मात बोलली नव्हती.

"यांस सांगा," ती दुभाष्याला म्हणाली, "भरपाईचें मागून पाहूं. हें पिस्तूल आणखी किती घरांत आहे, तें आधीं सांगा. त्यांचीं नांवें होणा, हवींत आम्हांस."

साहेब म्हणाले, गिऱ्हाइकांची नावं देता येत नाहीत.

"नका देऊं," हनुमंतराव मधेच म्हणाले. "लायसन्सची वही माझ्या ठाण्यांत आहे. या दोहोंखेरीज जिल्ह्यांत एकेचाळीस आहेत. साहेबांनीं फक्त सही करावी, कीं आणून दिलेलें प्रत्येक पिस्तूल कंपनी फुकट नीट करून देईल. नाहीं तर निकालाची नक्कल मी स्वतः वर्तमानपत्रवाल्यांकडे नेतों."

पेलसाहेबांनी सही केली.

दहाव्या दिवशी घाटावर गुरुमूर्तींनी आपल्या बोटातलं दर्भाचं पवित्रक काढून पुतण्याच्या बोटात घातलं. "अण्णास तुझ्याच हातचें होणा," ते म्हणाले, आणि कावेरीकडे तोंड करून उभे राहिले. नरसिंहाने बापाला पिंड दिला.

परतताना तो गोमतीच्या चालीने चालला, एरवी चालायचा तसा चार पावलं पुढे नव्हे.

"तुम्हांस खरेंच वाटलें, माझ्या माळेनें झालें?" तिने विचारलं.

"वाटलें."

"आणि म्हणून फांसावर चढणार होतां?"

"माळ तूं ओंवलीस," नरसिंह म्हणाला, "पण शेवटीं गोळ्या मींच भरल्या. बाबांनीं पुस्तक दाखविलें आणि मी ऐकलें."

सुतक संपल्यावर ओसरीवर सगळे लिहायला बसले. तमिळ पत्रं गुरुमूर्तींनी घेतली, इंग्रजी नरसिंहाने, मराठी गोमतीने. अप्पाराव लिफाफे चिकटवत होते आणि बोटांनी त्यांवर ताल धरत होते. मजकूर सगळ्यांना सारखाच: पट्टी आखूड आहे, पिस्तूल पडलं तर उडतं, ताबडतोब रिकामं करा आणि ठाण्यात आणून द्या. शेवटची ओळ मात्र गोमतीने सांगितली, आणि ती एकेचाळीसही पत्रांत गेली.

पूजेस ठेवणें असेल तर रिकामें ठेवा. देवीस चालतें.